मिरज दुसऱ्या क्रमांकावर

सेवाग्राम,
रविवार, रात्री

तीर्थरूप बाबा आणि तीर्थस्वरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली की, बाबा अजूनही येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘पोरीचे चार गुण कमी पडले, नाहीतर मिरजेच्या मेडिकललाच लागली असती’ असे सांगतात, लातूरच्या क्लासला वेळेवर पाठवले नाही म्हणून स्वतःला दोष देतात आणि रात्री उशिरापर्यंत सोप्यात बसून राहतात. ते ऐकल्यापासून माझे कशातच लक्ष लागलेले नाही. फोनवर बोलायला जावे तर बाबा ‘जेवलीस का’ एवढे विचारून फोन आईकडे देतात आणि आईचा आवाज ऐकला की बोलायचे ठरवलेले सगळे माझ्या घशात अडकते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आईचा चष्मा नेहमीसारखा सापडत नसेल, तेव्हा बाबांनीच ते मोठ्याने वाचावे, पण मधला मजकूर गाळू नये.

बाबा, गुण कमी पडले नव्हते. वैद्यकीय प्रवेशासाठी सीईटी सेलच्या अर्जात महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरताना मी सेवाग्राम वर ठेवले आणि मिरज त्याच्या खाली. मुंबईची जे. जे. आणि के. ई. एम. माझ्या गुणांच्या पलीकडची होती, ती मी नावापुरतीही लिहिली नाहीत. पण गेल्या वर्षीच्या याद्यांचा हिशेब पाहता मिरज मला बहुधा मिळाले असते. अर्ज भरताना तुम्ही चहाची बशी हातात घेऊन शेजारी बसला होता आणि ‘मिरज टाकलंस ना?’ असे विचारले होते. मी ‘टाकलं’ म्हणाले. टाकले होतेच, कितव्या क्रमांकावर, ते तुम्ही विचारले नाही आणि मी सांगितले नाही. पहिल्या फेरीत सेवाग्राम लागले, तेव्हा प्रवेश घेऊन पुढच्या फेऱ्यांत उतरणार नसल्याचा ‘स्टेटस रिटेन्शन’चा अर्जही मी त्याच दिवशी देऊन टाकला, त्यामुळे आता यात फिरवाफिरव होणार नाही. हे तुम्हाला आधी सांगायला हवे होते. सांगितले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, हे मला माहीत आहे. तुम्ही ‘तुझ्या मनासारखं कर’ म्हणाला असता, आणि आई देवघरात जाऊन बसली असती, आणि मग माझ्याने अर्जाचे बटण दाबले गेले नसते.

मिरज मला नको होते, असे कृपा करून समजू नका. ज्या गावात डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केले, जिथे कर्नाटकातूनसुद्धा लोक गाड्या भरून उपचारांना येतात आणि जिथे १९६२ पासून सरकारी महाविद्यालय आहे, त्या गावच्या मुलीने वैद्यकीय शिक्षणासाठी बाहेर जावे, हे ऐकायलाच विचित्र वाटते. पंढरपूर रोडवरचे ते फाटक मी लहानपणापासून पाहत आले आहे. घरून सायकलवर जाता आले असते, दुपारी आईच्या हातचे जेवण मिळाले असते, वसतिगृहाचा आणि खाणावळीचा खर्च पूर्ण वाचला असता आणि सांगलीच्या सिव्हिलमध्ये पाहायला मिळणारी रुग्णांची गर्दीही थोडी नाही. या सगळ्या गोष्टी मी वहीच्या एका बाजूला लिहून काढल्या होत्या. दुसऱ्या बाजूला फार काही नव्हते. तरीसुद्धा पारडे दुसरीकडे झुकले, आणि ते का झुकले हे सांगायला मला जतच्या त्या आजींकडे जावे लागेल.

आई, तुला त्या आठवतात, कारण त्या रात्री ड्युटीवरून आल्यावर मी जेवले नव्हते. मी नोकरी करत होते त्या रुग्णालयात त्या साखर वाढली म्हणून आल्या, आठ दिवसांत बऱ्या होऊन इन्सुलिनची बाटली घेऊन घरी गेल्या आणि दीड महिन्याने पाय काळा पडलेल्या अवस्थेत परत आल्या. इन्सुलिन त्या नेमाने घेत होत्या. मात्र बाटली घरात पत्र्याखालच्या फळीवर ठेवलेली होती, आणि दिवस मे महिन्याचे होते. उन्हाच्या तापाने औषधातला गुण निघून गेला होता, सुई मात्र रोज टोचली जात होती. फ्रीज आहे का, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. पाण्याने ओल्या ठेवलेल्या मडक्यात बाटली चालते, हे सांगायला एक वाक्य पुरले असते. डॉक्टरांना घाई होती, हे खरे. पण डिस्चार्जच्या कागदावर त्यांचा अंगठा घेणारी मी होते, आणि मीही विचारले नाही. चार वर्षे परिचारिका म्हणून काम करताना मी पुष्कळ शिकले, तरी रुग्ण दारातून आत आल्यापासून दारातून बाहेर पडेपर्यंतचेच शिकले.

सेवाग्रामला दर तुकडीला एक गाव नेमून दिलेले असते. पहिल्याच वर्षी पंधरा दिवस त्या गावात राहायचे, प्रत्येकाने काही घरे आपली मानायची आणि पुढची वर्षे त्याच घरांत पुन्हा पुन्हा जात राहायचे, अशी इथली रीत आहे. आता कुटुंब दत्तक घेणे सगळ्याच महाविद्यालयांना सक्तीचे झाले आहे आणि मिरजेतही ते चालते, हे बाबा लगेच म्हणतील, म्हणून मीच आधी सांगते. पण हुकूम आला म्हणून सुरू केलेली गोष्ट आणि त्यासाठीच काढलेले महाविद्यालय यांत फरक असतो, असे मला वाटते. डॉ. सुशीला नय्यर यांनी गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, हे महाविद्यालय खेड्यात काढले. आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून आजारपणाच्या विम्याची वर्गणी सुगीत ज्वारीच्या रूपाने घेण्याची पद्धतही इथेच बसवली गेली. हे ऐकून आईला आजोळच्या बलुत्याची आठवण होईल. शिवाय इकडच्या वॉर्डांत कपाशीवरच्या फवारणीने विषबाधा झालेले, साप चावलेले, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचे रुग्ण येतात, जे मी आपल्याकडे क्वचितच पाहिले. शंभरच जागा आहेत, त्यामुळे शिक्षक मुलांना नावाने ओळखतात. मी फार समर्थन करत आहे, हे मलाही दिसते आहे. एवढी कारणे द्यावी लागतात याचाच अर्थ माझे मन अजून पूर्ण निवांत नाही. पण निर्णयाबद्दल शंका नाही, तुमच्याबद्दल काळजी आहे.

हिशेब मीही केला आहे. साडेचार वर्षे आणि वर्षभराची इंटर्नशिप धरली तर मी बाहेर पडेन तेव्हा मी ३३ वर्षांची असेन आणि बाबा ७२ वर्षांचे. ‘नीट’ या प्रवेश परीक्षेची कमाल वयाची अट २०२२ मध्ये निघाली, ते मी नाइटवरून येऊन सांगितले, तेव्हा आईने पहिला प्रश्न लग्नाचा विचारला होता आणि बाबांनी पेपरातून डोके वर न काढता ‘फॉर्म कधी सुटतोय?’ एवढेच विचारले होते. त्या प्रश्नावर मी पुढची तीन वर्षे काढली. अप्पांच्या वेळी जे झाले ते माझ्याही डोक्यातून गेलेले नाही. तेव्हा घरात कोणी जवळ नव्हते, यावेळी तसे होणार नाही. दादा पुण्याहून चार तासांत पोहोचतो आणि त्याच्याशी माझे सविस्तर बोलणे झाले आहे.

आता इथली व्यवस्था सांगते, म्हणजे आईला झोप येईल. खोली हवेशीर आहे, खिडकीबाहेर कडुनिंब आहे, पाणी भरपूर आहे. सुरुवातीचे पंधरा दिवस नव्या मुलांना गांधींच्या आश्रमातच राहावे लागते, त्यामुळे पहाटे उठणे, प्रार्थना, झाडलोट, सूतकताई हे सगळे झाले. बापूकुटीच्या मातीच्या भिंती पाहून मला आजोळचे घर आठवले, आणि चरख्यावर माझा धागा दर वीतभर अंतरावर तुटतो. कपडे खादीचे घालावे लागतात. दोन जोड घेतले आहेत, धुवायला जड जातात, पण वाळतात लवकर. जेवण शाकाहारी आणि साधे आहे. रविवारचे मटण बंद झाले, याचे दुःख फक्त बाबांना कळेल. माझ्याबरोबरच्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या आहेत आणि मला ताई म्हणतात. एकीच्या वडिलांनी तर पहिल्या दिवशी मला वॉर्डन समजून मुलीच्या दम्याची सगळी माहिती दिली. मी ती नीट ऐकून घेतली, कामाला येईल. पैशाची काळजी करू नका; पहिल्या वर्षाचे माझ्या साठवलेल्या पगारातून भागते आहे आणि पुढच्यासाठी शैक्षणिक कर्ज मंजूर झाले आहे. एलआयसीची पॉलिसी मोडायची नाही. हे मी विचारत नाही, सांगते आहे.

बाबांची पत्र्याची जुनी ट्रंक इथे पलंगाखाली आहे. झाकण उघडले की अजून रॉकेल आणि लोखंडाचा वास येतो. लहानपणी आई मला स्टेशनवर घेऊन यायची आणि तुमची गाडी सुटताना तुम्ही शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा दाखवायचा, तेव्हा तो ड्रायव्हरसाठी नसून माझ्यासाठीच आहे, अशी माझी इयत्ता तिसरीपर्यंत पक्की समजूत होती. आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणाऱ्या गाडीवर तुमची ड्युटी लागली होती, ते आठवते का? दोन रात्रींची झोप नसताना अंघोळीलाही न जाता तुम्ही उंबऱ्यातच बसून कोट्याहून आलेल्या दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी, असे सांगत सुटला होता. इतके बोलताना तुम्हाला मी त्याआधी आणि नंतरही कधी पाहिले नाही. अर्ज भरताना माझ्या डोळ्यांसमोर तो उंबरा होता.

आता मी सांगते ते दोघांनीही नीट ऐकायचे. बाबा, इन्सुलिन रोज एकाच जागी टोचायचे नाही. पोटावर जागा बदलत जायची. टोचून झाल्यावर अर्ध्या तासात जेवायचे, ‘बातम्या संपू दे’ म्हणायचे नाही. फिरायला जाताना खिशात खडीसाखर ठेवायची आणि घाम फुटून हात थरथरायला लागले तर घरी पोहोचायची वाट न पाहता ती तिथेच तोंडात टाकायची. अंगणातसुद्धा अनवाणी जायचे नाही, आणि रात्री आईने बॅटरी धरून तुमचे तळवे पाहायचे. तुम्हाला लाज वाटली तरी पाहायचे. तीन महिन्यांची साखर आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासायचा, त्याच्या तारखा मी कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवल्या आहेत. लाइट जास्त वेळ गेली तर बाटली माजघरातल्या मडक्यात ठेवायची. आई, तुझी रक्तदाबाची गोळी मोजणी बरोबर आली म्हणून बंद करायची नसते. ती गोळीमुळेच बरोबर येते. गुडघे दुखत असताना खालून पाण्याच्या कळशा आणू नकोस. बाथरूममधला दांडा बसवायला सुतार गुरुवारी येईल, त्याला परत पाठवू नकोस. माझ्या खोलीतला पलंग तुम्ही वापरायला घ्या. मी रागावले आहे असे वाटू देऊ नका, लांबून दुसरे काही करता येत नाही.

आणि मिरजेत कोणी विचारले तर यापुढे गुणांचे सांगू नका. ‘तिने सेवाग्राम मागून घेतलं’ असे सांगा. काहींना ते वेडेपणाचे वाटेल, वाटू दे.

दिवाळीत सुट्टी किती मिळेल हे अजून कळलेले नाही, म्हणून तुम्हीच या, असे माझे म्हणणे आहे. बाबांचा पास यंदाचा शिल्लक आहे. मिरजेत महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसलात की दुसऱ्या दिवशी गाडी न बदलता थेट वर्धा. आईसाठी खालचा बर्थ आणि दशम्या बरोबर ठेवा. उतरायचे ते वर्धा जंक्शनला. सेवाग्राम नावाचे स्टेशन वेगळे आहे, तिथे दक्षिणेकडच्या गाड्या थांबतात. हे बाबांना मी सांगावे म्हणजे कमालच आहे, पण झोप लागली तर चुकू नये म्हणून लिहिते. मी फलाटावर असेन, शेवटच्या डब्याजवळ.

तुमची,
चिंगी