ओंकारला इकडे पाठव, पण एकटा पाठवू नकोस

कोपरखैरणे, नवी मुंबई

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

ओंकारला अकरावीला वाशीत घालावं की विट्यातच ठेवावं, असं तू विचारलंस. पोरगं इकडच्या वातावरणात हाताबाहेर जाईल, ही तुझी धास्ती. फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो. पण रोज संध्याकाळी मैदानावर कबड्डीच्या सरावाला मी याच वयाची पोरं बघतो आणि या विषयावर मनात बरंच साचलंय, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे, विट्यात राहिला म्हणून तो या सगळ्यापासून लांब राहील असं धरून चालू नकोस. 'असर' या शिक्षणाच्या पाहणीचा 2024 चा अहवाल ग्रामीण भारताचा आहे. 14 ते 16 वयाच्या 82 टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येतो, असं त्यात निघालं. आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलेली मुलं त्यांतली 57 टक्के, तर सोशल मीडिया बघितलेली 76 टक्के. हे सगळं खेड्यांतलं. तेव्हा वाशी की विटा हा प्रश्न थोडा बाजूला ठेव. ओंकार कुणाच्या नजरेसमोर वाढतोय, कुणी शाबास म्हटल्यावर त्याला बरं वाटतं, ते बघ.

आपल्या वडिलांच्या वेळी संगत डोळ्यांना दिसायची. आमचे आबा मस्जिद बंदरला माथाडी हमालांच्या टोळीत लागले तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे होते. गावकीच्या खोलीत राहायचे. बिडी, गुत्ता, मटका सगळं दाराशी होतं, आणि वाचनालय नि तालीमही दाराशीच होती. ज्या टोळीत पोरगं पडायचं त्या वळणाचं व्हायचं. 1969 चा माथाडी कायदा आला, पुढे पगार मंडळातून व्हायला लागला, पण सवयी मात्र टोळीतूनच लागायच्या. कुणी वाकड्या वाटेला लागलाच, तर मुकादमाचं पत्र पंधरा दिवसांत गावाकडे जायचं. सगळ्यांनाच ते सावरायचं असं नाही, पण निदान कळायचं तरी.

आता पोरगं सोफ्यावर पडलेलं असतं आणि बाप म्हणतो, घरातच आहे ना, मग चिंता नाही. त्याच वेळी ते शे-पाचशे जणांच्या घोळक्यात बसलेलं असतं. कोण त्याला चढवतंय, कोण हिणवतंय, कुणाचं बघून त्याला आपलं घर लहान वाटायला लागलंय, हे आईबापाला दिसायला मार्गच नाही. आपल्या वेळी घरी आलं की चाळीतली टवाळी दाराबाहेर राहायची. यांच्या मागे ती अंथरुणापर्यंत येते.

आमच्या इथल्या एका पोराचं सांगतो. सागर म्हणू त्याला, खरं नाव लिहीत नाही. सतरा वर्षांचा, डाव्या कोपऱ्याला खेळणारा, पकडीला पक्का. वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. गेल्या वर्षी वाढदिवसाला रात्री बारा वाजता मित्रांनी मोटरसायकलच्या सीटवर नावाच्या अक्षरांचे केक ओळीने मांडले आणि त्याने ते तलवारीने कापले. गाणं लावून व्हिडिओ टाकला. दुसऱ्या दिवशी पोलीस दारात. शस्त्र कायदा आहे बाबा, वाढदिवस आहे म्हणून सूट नसते. वडील चौकीबाहेर बाकड्यावर बसून मला म्हणाले, "आमच्या घरात कांदा कापायच्या सुरीशिवाय दुसरं पातं नाही, यानं तलवार आणली कुठनं?"

तो व्हिडिओ मी नीट बघितला. काढून टाकण्याआधीचा मोठा भाग एका पोराकडे होता. पहिल्या वेळी तोंडावर उजेड नीट आला नाही म्हणून कुणीतरी ओरडतो, "परत घे." सागर तलवार खाली ठेवतो. दोघंजण बोटांनी क्रीम सारखं करून केक पहिल्यासारखा दिसेल असा बसवतात. मग तो परत कापतो. दोन्ही वेळा त्याची नजर केकवर नाही, समोरच्या फोनवर आहे. आजूबाजूला वीसेक पोरं असतील. त्यांतल्या निम्म्यांना तरी हे बरोबर नाही हे ठाऊक होतं, नंतर त्यांनीच मला सांगितलं. त्या वेळी कुणी बोललं नाही.

हे न बोलणं मला तलवारीपेक्षा जास्त लागलं. सॉलोमन ॲश नावाच्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाने 1951 च्या सुमारास केलेला एक प्रयोग आहे. कॉलेजच्या मुलांना काही रेषा दाखवायच्या आणि नमुन्याच्या रेषेएवढी कोणती ते विचारायचं. उत्तर लहान मूलही देईल इतकं उघड. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच ठरवलेले, ते मुद्दाम चुकीचं उत्तर द्यायचे. एकट्या पडलेल्या मुलांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत असलेलं सोडून घोळक्याचं उत्तर दिलं. मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. बाकीच्यांत एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी घोळक्यामागे जाणं एकदम कमी झालं. फक्त एकाने, दत्ता! सागरच्या भोवती त्या रात्री तो एक नव्हता.

दुसरा प्रयोग पोरांच्या वयाबद्दलचा. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. 13 ते 16, 18 ते 22 आणि 24 च्या पुढचे असे तीन गट. संगणकावर गाडी चालवायची, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून दामटायचं हे आपण ठरवायचं. काहींनी एकट्याने खेळायचं, काहींनी मित्र शेजारी बसवून. मित्र शेजारी असले की लहान पोरं कितीतरी जास्त धोका पत्करत होती, तरुणही पत्करत होते, मोठ्यांत मात्र फारसा फरक पडला नाही. शनिवारी रात्री पाम बीच रोडला ये, हाच प्रयोग वाशीपासून बेलापूरपर्यंत चालू असतो. मागे बसलेल्याच्या हातात फोन असतो, आणि शेजारी बसलेले मित्र आता दोन नाहीत, मोजता येणार नाहीत इतके आहेत.

त्यात लाइकचं काय होतं तेही तपासलं गेलंय. 2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 13 ते 18 वयाच्या 32 मुलांना मेंदूच्या स्कॅनमध्ये ठेवून फोटो दाखवले. लाइकचे आकडे संशोधकांनीच ठरवलेले. एकच फोटो काहींना भरपूर लाइकसह दाखवला, काहींना थोड्या. भरपूर लाइक दिसले की मुलं तोच फोटो पसंत करायची. स्वतःच्या फोटोला भरपूर लाइक दिसले की मेंदूतला बक्षिसाचा आनंद देणारा भाग जोरात कामाला लागायचा. म्हणून "अरे, काय ठेवलंय त्या लाइकमध्ये" असं आपण पोरांना म्हणतो ना, ते त्यांना पटत नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात बरंच काही असतं.

हे आपोआप झालेलं नाही, ही खूणगाठ बांध. पोरगं जितका वेळ बघत राहील तितक्या जाहिराती खपतात, म्हणून पुढचा व्हिडिओ न मागता येतो. 29 जून 2020 ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा आमच्या मैदानावर पालकांनी सुटकेचा श्वास टाकला. पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामचे रील्स भारतात आले आणि तीच पोरं तिकडे गेली. ॲप गेलं, प्रेक्षक तसेच राहिले.

मुलींचं आणखी वेगळं. माझी पुतणी चांगली चढाई करायची, लांब पाय, दम भरपूर. आठवीनंतर मैदानावर यायची बंद झाली. कारण विचारलं तर गप्प. शेवटी माझ्या बायकोने काढून घेतलं तिच्याकडून. उन्हाने ती काळवंडते आणि फोटोत मैत्रिणींशेजारी उभी राहिली की "वेगळी दिसते." फोनमधला कॅमेरा तिचा चेहरा न विचारता दोन छटा उजळ करून दाखवतो, आणि मग तिला आरशातला चेहराच खोटा वाटतो. कुणी म्हणेल पोरींचे नखरे आहेत. पण 2021 मध्ये फ्रान्सिस हॉगन या तिथल्याच माजी कर्मचारी बाईंनी फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर काढली. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीची स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी आपण वाढवतो, असं इन्स्टाग्रामबद्दल कंपनीच्याच एका सादरीकरणात लिहिलेलं होतं. आपल्याकडे तर सावळ्या रंगावरून बोलणारी माणसं घरातच असतात. फोनने ते शोधून काढलं नाही, त्याने फक्त चोवीस तास बोलायला सुरुवात केली.

पुतणी परत आली, ते सांगायला हवं. मी समजावलं म्हणून नाही. तिच्याच वर्गातल्या एका मुलीने घोट्याच्या पकडीचा एक चांगला व्हिडिओ तिला पाठवला आणि खाली लिहिलं, "हे तुझ्यावर करून बघायचंय, ये उद्या." आली. म्हणून मी फोनला नुसत्या शिव्या देत नाही. पकडी, वळणं, पायांची ठेवण या मुली व्हिडिओ थांबवून थांबवून शिकतात, आम्हाला असं कुणी दाखवलं नव्हतं. पाठवणारं कोण आहे, त्यावर सगळं आहे.

आता उपायाचं. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची खाती ठेवायला बंदी केली. आपल्याकडच्या 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 खालच्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागेल आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवता येणार नाहीत, असं म्हटलंय. कायदा हवाच, कंपन्यांना वेसण हवीच. पण तो आपल्या दारात पोहोचेपर्यंत ओंकार मिशा फुटून मोकळा होईल.

आणि त्याच्या एकट्याचा फोन काढून घेशील तर तेही चुकेल. क्लासची वेळ, सामन्याचा संघ, कुणाच्या घरी जमायचं, सगळं ग्रुपवर ठरतं. एकट्याचा फोन गेला की तो मित्रांतून जातो, आणि ती शिक्षा त्या वयात फार जड असते. सोडायचं तर सगळ्यांनी मिळून सोडावं लागतं. हे तुमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावने 2022 मध्ये करून दाखवलं. संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद, साडेआठला परत चालू. सगळ्या गावाचा फोन बंद असेल तर एकट्या पोराचं काहीच बुडत नाही. हे ज्याच्या डोक्यात आलं त्याला मी मनापासून मानतो.

आम्ही मैदानावर छोटं तसंच केलंय. आल्या आल्या सगळ्यांचे फोन एका पिशवीत, माझाही त्यातच. सराव संपेपर्यंत पिशवी उघडत नाही. सुरुवातीला दोघं-तिघं यायचे बंद झाले. आता पोरंच एकमेकांना पिशवीची आठवण करतात. सागरही येतो. नव्या पोरांना पकड शिकवायचं काम मी त्याच्याकडे दिलंय. परवा कुणीतरी त्या तलवारीवरून त्याला "भाई" म्हणाला, तर तो म्हणाला, "नाव घे माझं."

तर ओंकारचं. पाठव त्याला. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, अर्ज तिथूनच भर, कॉलेजांचा पसंतीक्रम आपण फोनवर बसून ठरवू. राहायला खोली घेऊन देऊ नकोस. आमच्याकडे राहील, माळा रिकामाच आहे. मात्र एक कर. त्याच्या वर्गातलं अजून एक पोरगं इकडे येतंय असं तू म्हणाला होतास, त्याच्या वडिलांशी बोल आणि दोघांनाही एकाच कॉलेजचे पर्याय टाकायला सांग. ते पोरगं अभ्यासात मधलं आहे ते चालेल. तोंडावर "नको रे, चल घरी" म्हणणारं आहे का, एवढं ओंकारलाच विचार. त्याला बरोबर माहीत असेल. आणि रात्री झोपताना फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा हा आमच्या घरचा नियम आहे, तो आधीच सांगून ठेव, म्हणजे इथे आल्यावर त्याला मी लादल्यासारखं वाटणार नाही.

माझंही एक काम कर. वडगावात सुरुवातीला आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले होते, असं मी वाचलंय. तू कामानिमित्त तिकडे जातोस, तर त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठ आणि विचार की जी घरं तयार नव्हती त्यांच्याशी ते काय बोलले. आमच्या गल्लीत गणपतीच्या आधी पालकांची बैठक घ्यायचं चाललंय. बायका तयार आहेत, पुरुष मंडळी मॅचच्या वेळेवर अडलीत. जे कळेल ते सविस्तर लिही, मी बैठकीत वाचून दाखवीन.

काकींना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार. ओंकारला त्याच्या मापाचे बूट आणू नकोस म्हणावं, इथे मैदान मातीचं आहे, अनवाणीच खेळतात.

तुझा,
अशोक