जुन्या वाहनांची नावे नेमकी लिहावीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी एका प्रदर्शनात कमानीदार छताचे, बेताच्या आकाराचे एक जुने वाहन पाहायला मिळाले. शेजारच्या पाटीवर ‘पुरातन बैलगाडी’ एवढाच मजकूर होता. ती दमणी होती. धान्याची पोती वाहणारी गाडी वेगळी आणि खास माणसांच्या प्रवासासाठी बांधलेली ही हलकी, छपराची दमणी वेगळी. पाटी लिहिणाऱ्याला मी एकट्याला दोष देत नाही, कारण वृत्तपत्रांतील छायाचित्रांखाली आणि मुलांच्या पुस्तकांतही हेच घडते: बैल जुंपलेले दिसले की बैलगाडी, घोडा दिसला की घोडागाडी, आणि माणसांच्या खांद्यावर काही दिसले की पालखी.

वास्तविक मराठीत या प्रत्येकासाठी नेमका शब्द आहे. लहान, हलकी गाडी म्हणजे छकडा. अवजड मालाचा तो खटारा, ज्याचे नाव आता कोणत्याही मोडकळीस आलेल्या मोटारीला चिकटले आहे. टांगा आणि बंदिस्त शिग्राम यांत फरक आहे, तसाच छत्री असलेली अंबारी आणि उघडा हौदा यांतही आहे. पालखी वारीमुळे लहान मुलांनाही ठाऊक असते. पण चहूबाजूंनी बंद असलेला मेणा मात्र विस्मरणात गेला. डोली अजून डोंगराळ भागात दिसते, कारण रस्ता नसलेल्या पाड्यावरून आजारी माणसाला खाली आणण्यासाठी आजही तिचाच आधार घ्यावा लागतो. ही गोष्ट अभिमानाची नाही, परंतु शब्द टिकला तो त्यामुळे.

मला अधिक हळहळ वाटते ती गाडीच्या अवयवांच्या नावांची. चाकाच्या मधला तुंबा, त्यातून निघणारे आरे, दोन्ही चाकांना जोडणारा आख, जुवाच्या दोन्ही टोकांशी बैलाची मान अडवणाऱ्या खुंट्या म्हणजे शिवळा, आणि चाकावरची लोखंडी धाव. ही धाव बसवणे हे पाहण्यासारखे काम असे. चाकापेक्षा किंचित लहान घडवलेले ते लोखंडी कडे गोवऱ्यांच्या जाळात लालबुंद करीत. तापून ते फुगले की दोघे-तिघे जण सांडशीने उचलून लाकडी चाकावर चढवीत आणि लगेच वर पाणी ओतीत. लाकूड करपल्याचा वास, वाफेचा लोट, आणि आकसणाऱ्या कड्याखाली आरे तुंब्यात घट्ट बसताना होणारा करकर आवाज, हे ज्याने एकदा अनुभवले त्याला ‘धाव’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही.

वस्तू गेल्या, तरी त्यांच्यावर उभे असलेले बोलणे आपण रोज वापरतो. गाडीच्या चाकांनी वाटेवर पडलेली खोल रेघ म्हणजे चाकोरी. ती न पाहिलेली माणसेही ‘चाकोरीबाहेरचा विचार’ करतात. पक्षाची धुरा सांभाळणारे आणि धुरंधर म्हणवले जाणारे नेते मुळात जू वाहणाऱ्या बैलाचे विशेषण मिरवीत असतात. एका दिवसात कापायची वाट म्हणजे मजल, आणि म्हणूनच मजल दरमजल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हापासून मजलेचे हे गणित हळूहळू मोडत गेले. भाषेतून मात्र ते गेलेले नाही.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात आणि पुढे दाते-कर्वे यांच्या शब्दकोशात असे पुष्कळ शब्द नोंदलेले आहेत. पण नुसती व्याख्या वाचून शिवळ डोळ्यांपुढे उभी राहत नाही. तेव्हा अशा वाहनांची छायाचित्रे छापताना आपण त्यांचे नेमके नाव द्यावे, आणि शक्य झाल्यास रविवारच्या पुरवणीत एखादी लहानशी चौकट यासाठी राखून ठेवावी, अशी विनंती आहे. गाड्या बांधलेले वृद्ध सुतार-लोहार गावोगाव अजून आहेत. त्यांच्याकडून प्रत्येक भागाचे नाव विचारून, त्या भागाच्या चित्रासह आणि ते नाव ज्या तालुक्यात बोलले जाते त्याच्या उल्लेखासह छापावे. विदर्भातील बंडी आणि इतरत्रची गाडी यांच्या भागांची नावे शेजारी शेजारी पाहायला मिळाली, तर आपले अनेक वाचक स्वतःहून त्यात भर घालतील, अशी मला खात्री आहे.

आपला,
एक नियमित वाचक