नेट बांधता आलं, शिकवता येत नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या तालुका पानावर जिल्हा परिषद शाळांना क्रीडा साहित्य वाटल्याचा फोटो आला आहे. पुढच्या रांगेत पाहुणे, मागच्या रांगेत मुख्याध्यापक आणि मधल्या टेबलावर व्हॉलीबॉलचं नेट, दोन बॉल, पंप, उड्यांच्या दोऱ्या. फोटो पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण सहा वर्षांपूर्वी अशाच एका टेबलावरून असंच एक किट मी शाळेत आणलं होतं. पुढे त्याचं काय झालं ते कुठे छापून आलं नाही, म्हणून हे पत्र.

मी विज्ञान-गणिताचा शिक्षक. शाळा पहिली ते आठवी, त्यात सहावी ते आठवीचा पट ६१. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक सांगितले आहेत, पण सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तिथेच. बाकीच्या शाळांत खेळाचा तास ज्याच्या गळ्यात पडेल त्याचा. मुख्याध्यापकांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "सर, उंची आहे तुम्हाला. व्हॉलीबॉल तुमचा." मी तोवर फक्त गावच्या पोरांबरोबर शूटिंगबॉल खेळलो होतो, तोही कॉलेजात असताना.

त्या वर्षी आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षणही मिळालं. सभागृहात पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत होती. मैदान १८ बाय ९ मीटर, नेटची उंची पुरुषांसाठी २.४३ आणि महिलांसाठी २.२४ मीटर, बॉलचं वजन २६० ते २८० ग्रॅम, आक्रमण रेषा मधल्या रेषेपासून ३ मीटरवर. सगळं वहीत उतरवलं. १८९५ साली अमेरिकेत विल्यम मॉर्गन यांनी हा खेळ शोधला, हेही लिहून घेतलं. दुपारी शिरा-पुरी झाली, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. दोन दिवसांत एकाही शिक्षकाचा हात बॉलला लागला नाही.

सोमवारी ग्रामपंचायतीकडून बोअरचे दोन जुने पाइप मागून आणले, खड्डे खणून उभे केले, टेप लावून नेट बरोबर २.२४ वर बांधलं. फक्की मारली. आखणी इतकी देखणी झाली की गावातली माणसं येऊन बघून गेली. मग सातवीच्या मुली सर्व्हिस करायला उभ्या राहिल्या. पहिल्या नऊ सर्व्हिस नेटच्या खालून गेल्या, दहावी पाइपला लागली.

माझ्या चुका मी इथे मुद्दाम सांगतो आहे, कारण आज किट घेऊन गेलेले बरेच गुरुजी याच चुका करत असतील. पहिली चूक बॉलच्या हवेची. बॉल मऊ लागला म्हणून मी तो सायकलच्या दुकानात नेला आणि टम्म भरून आणला. चार दिवसांत मुलींची मनगटं लाल झाली. एकीची आई शाळेत येऊन म्हणाली, "गुरुजी, पोरीला भाकरी थापता येईना." व्हॉलीबॉलमध्ये हवा फुटबॉलपेक्षा कितीतरी कमी लागते, अंगठ्याने दाबलं तर किंचित आत गेलं पाहिजे. ही एवढीशी गोष्ट त्या दोन दिवसांत कुणी सांगितली नव्हती.

दुसरी चूक रांगेची. चोवीस मुली, एक बॉल. मी समोर उभा राहून बॉल टाकायचो, पुढची मुलगी तो परतवायची आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहायची. बॉल पळाला की सगळ्या त्याच्यामागे बघत बसायच्या. एके दिवशी कुंपणापलीकडून आवाज आला, "गुरुजी, ही प्रॅक्टिस आहे का रेशनची लाइन?"

ते मामा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. तरुणपणी विभागाच्या संघात खेळलेले, त्यांच्या भाषेत बूस्टर, म्हणजे स्मॅश मारणाऱ्याला बॉल उचलून देणारा. मी हिशेब केला तेव्हा माझीच मला लाज वाटली. चाळीस मिनिटांच्या तासात एकेका मुलीच्या वाट्याला बॉल फार तर सात-आठ वेळा येत होता. मामांनी दुसऱ्या दिवशी घरून कासरा आणला, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधला आणि नेट गुंडाळून ठेवायला लावलं. दोरीची उंची सहावीच्या मुलीने हात वर केला की बोटं टेकतील एवढी. दोरीच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन मुली, अशी चार छोटी मैदानं. चोवीसच्या चोवीस एकाच वेळी खेळात. बॉल दोन खरे आणि दोन जत्रेतले हलके प्लास्टिकचे. मामा म्हणाले, "हात तयार होईस्तोवर हलका बॉलच बरा, भीती मोडते."

अंडरहँड पास मी मुलींना फळ्यावर कोन काढून शिकवला होता. मामांनी एकच वाक्य वापरलं, "भरलेली घागर उचलायला बसता तसं बसा." मुली बसल्या. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, पाय खांद्याएवढे फाकलेले. पुढचं मग सोपं होतं. कोपर ताठ, अंगठे शेजारी शेजारी, बॉल मनगटाच्या वरच्या सपाट भागावर घ्यायचा आणि हात न झटकता गुडघ्यांनी वर उचलायचा. आमच्या भागात शूटिंगबॉल जोरात असल्याने मुली भावांचं बघून मुठीने मारायच्या. ती सवय जायला दिवाळी उजाडली.

मामांना जिमी जॉर्जचं फार वेड. केरळचा हा खेळाडू इटलीच्या क्लबांकडून खेळला, १९८६ च्या सोल एशियाडमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात होता आणि पुढच्याच वर्षी इटलीत मोटार अपघातात गेला. सराव संपला की मामा तो हवेत कसा थांबायचा ते हात वर करून दाखवायचे आणि खाली येताना कमरेला हात लावायचे. विषयांतर झालं, पण मुली दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या त्याला ते विषयांतरही कारण होतं.

तिसरी चूक मात्र मामा येण्याआधीची, आणि ती सगळ्यांसमोर उघडी पडली. पहिल्याच वर्षी मी हौसेने संघ तालुक्याला नेला होता. रोटेशन, म्हणजे सर्व्हिस आपल्याकडे आली की खेळाडूंनी एकेक जागा सरकायचं, मला पुस्तकातून जेवढं कळलं ते असं, की सहा जणींच्या सहा जागा. म्हणून मी शाळेच्या मैदानात फक्कीने सहा गोल काढून प्रत्येकीला बजावलं होतं, "आपापला गोल सोडायचा नाही." सामन्यात समोरच्या मुलींनी बॉल गोलांच्या मधोमध टाकला. आमच्या दोघी एकमेकींकडे बघत उभ्या. पुन्हा टाकला, पुन्हा उभ्या. सर्व्हिस मारली जाते त्या क्षणापुरताच जागांचा क्रम पाळायचा असतो, बॉल सुटला की कोणी कुठेही धावलं तरी चालतं, हे मला तिथल्या पंचांनी सामना संपल्यावर सांगितलं. २५-६, २५-४. वीस-बावीस मिनिटांत सगळं आटोपलं. जीपचा प्रवास येऊन-जाऊन तीन तासांचा होता. परतताना आमची कर्णधार म्हणाली, "सर, मला बॉल दिसत होता, पण गोल सोडायचा नव्हता ना." त्या पोरीची काही चूक नव्हती. ती माझं ऐकत होती.

हे सगळं एका शाळेचं गाऱ्हाणं म्हणून मी लिहीत नाही. समग्र शिक्षा अभियानात क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५ हजार आणि उच्च प्राथमिकला १० हजार रुपयांपर्यंत तरतूद आहे. म्हणजे साहित्य कधी ना कधी पोचतं. ज्याच्या हातात ते पडतं त्याला शिकवायचं कुणी? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांसाठी सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे, आपल्याकडे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी जुनी संस्था आहे, बी.पी.एड. झालेली मुलं गावोगाव नोकरीची वाट बघत आहेत. पण गणिताचे तास घेऊन खेळ सांभाळणाऱ्या शिक्षकाला पतियाळा नको आहे. त्याला महिन्यातून एकदा तासभर, त्याच्याच तालुक्यात, मैदानावर, मुलांसमोर उभं करून कुणीतरी टोकायला हवं.

यासाठी नवी योजना लागेल असं मला वाटत नाही. आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असतं, त्याची शिक्षकांसाठी शिक्षण परिषद भरतेच. तिच्यातला एक तास वर्गाबाहेर काढा. ज्या शाळेत परिषद असेल तिथलीच पंधरा-वीस मुलं मैदानात आणा आणि तालुक्यातला जुना खेळाडू बोलवा. पोलीस, एसटी, रेल्वे यांच्या संघांतून खेळलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतात, फक्त त्यांना कुणी विचारत नाही. मानधन आणि येण्याजाण्याचा खर्च द्यावा. आमच्या मामांनी चहाशिवाय काही घेतलं नाही, पण सगळ्यांनी तसंच करावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. तो तास असा असावा की आधी शिक्षकाने शिकवावं आणि मग जाणत्याने त्याला सांगावं. भाषण नको. मला मामांनी दिलेली सगळ्यात मोठी शिकवण तोंड बंद ठेवण्याची होती. मी दर चुकीला बाहेरून ओरडायचो, आणि मुली बॉल सोडून माझ्याकडे बघायच्या. मामांनी नियम घातला, गुण संपल्यावर बोलायचं, एका वेळी एकच गोष्ट, आणि ती चुकीची नाही तर पुढच्या बॉलची. हे पाळायला मला दोन वर्षं लागली. पुस्तकात वाचून ते आलं नसतं.

दुसरी विनंती स्पर्धांबद्दल. शाळा जूनच्या मध्यात उघडतात, तालुका स्पर्धा बहुतेक वेळा ऑगस्ट-सप्टेंबरात, भर पावसाळ्यात. आणि त्या बाद पद्धतीने. सोळा संघ आले तर आठ संघ पहिला सामना खेळून घरी. वर्षभरात एकच सामना खेळून मुलं काय शिकणार आणि शिक्षक तरी काय शिकणार? निदान १४ वर्षांखालील गटाला तालुक्याला चार-चार संघांचे गट करून साखळी सामने ठेवावेत. पंधरा गुणांचा एकच सेट ठेवला तरी चालेल. प्रत्येक संघ तीन सामने खेळेल आणि हरलेल्या गुरुजीला पहिल्या सामन्यातली चूक त्याच दिवशी दुसऱ्या सामन्यात सुधारून बघता येईल. दिवस पुरत नाही म्हणत असाल, तर उद्‌घाटनाची भाषणं कमी करा. एक सेट सहज बसेल.

गेल्या वर्षी आम्ही तालुक्याला दोन सामने जिंकून तिसऱ्यात हरलो. ती पहिल्या वर्षीची कर्णधार आता बारावीला आहे. सुट्टीत मैदानावर येते, लहान मुलींना घागरीचं वाक्य सांगते.

आपला नम्र,
एक जिल्हा परिषद शिक्षक

ता. क. – फोटोतल्या टेबलावर पंप दिसतो, पण पंपाची सुई दिसत नाही. आमच्या किटमध्येही नव्हती, म्हणूनच तर मी सायकलच्या दुकानात गेलो होतो. पुढच्या वाटपाच्या वेळी प्रत्येक शाळेला दोन सुया द्याव्यात, एक मोडतेच.