समुद्रावर नेलेल्या मासेमारीच्या चार तुकड्यांच्या रॉडबद्दल

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

मालवणजवळच्या देवबागहून परवा रात्री घरी पोचलो आणि सामान पुरते उलगडण्याआधीच हे पत्र लिहायला बसलो. ते उघडपणे लिहीत आहे, कारण अंबाझरी तलावाच्या काठावर गळ टाकून समुद्राची स्वप्ने पाहणारा नागपुरात मी एकटा नाही आणि तुम्ही मला जे शिकवले ते इतरांच्याही कामी यावे.

दिवाळीनंतर मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्या हातात एक चकचकीत टेलिस्कोपिक रॉड होता. मिटवला की हातभर होतो, म्हणजे प्रवासाला याहून सोयीचे दुसरे काय, असा माझा सरळ हिशेब होता. तुम्ही तो उघडलात, एका नळीतून दुसरी नळी सरकताना होणारा आवाज ऐकलात आणि म्हणालात, "किनाऱ्यावरची रेती यात गेली की संपलं." शिवाय अशा रॉडला दोरी ओवायच्या कड्या नळ्यांच्या टोकांनाच बसवता येतात, त्यामुळे त्यांची संख्या कमी पडते आणि मासा ओढू लागला की ताण सगळीकडे सारखा वाटला जात नाही, हेही तुम्ही रॉड वाकवून दाखवलेत.

मग किती लांबीचा रॉड घ्यावा यावर आपण अख्खी दुपार घालवली. किनाऱ्यावरून लांब फेकायला नऊ-दहा फूट बरे, होडीतून सात फूट पुरे. माझ्याकडे पैसे एकाच रॉडचे असल्यामुळे तुम्ही मधला मार्ग काढलात : आठ फूट, चार तुकडे, वीस ते चाळीस ग्रॅमचे आमिष पेलणारा. असा एकेक तुकडा पासष्ट सेंटिमीटरच्या आसपास भरतो. त्यासाठी महागडी पेटी न घेता नळाच्या सामानाच्या दुकानातून पीव्हीसी पाइप कापून आणण्याची युक्तीही तुमचीच. तो पाइप गाडीत बर्थखाली निवांत पडून होता.

दुकानात मात्र मी पुन्हा कंपनीचे नाव वाचत बसलो, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "सांधे पाय बापा, नाव काय पायतं!" तुम्ही प्रत्येक सांधा जोडून कानाशी हलवून पाहिलात, खटखट वाजणारे दोन रॉड परत ठेवलेत आणि नंतर खिशातून कापूस काढलात. तो कापूस एकेका कडीच्या आतून फिरवताना तिसऱ्या रॉडच्या टोकाच्या कडीत त्याचा एक धागा अडकला. डोळ्यांना काहीही दिसत नव्हते. कडीच्या आतल्या सिरॅमिकला केसाएवढी चीर असली तरी ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, दोरी तिथेच झिजून तुटते, हे ऐकून दुकानदारही डोळे विस्फारून पाहू लागला. चौथा रॉड आपण घेतला.

आता कबुली. दर दहा-पंधरा फेकींनंतर सांधे चाचपायला तुम्ही बजावले होते. कर्ली नदी समुद्राला मिळते त्या टोकावर पहिल्याच सकाळी मी ते विसरलो आणि एका जोरदार फेकीबरोबर रॉडचा शेंड्याचा तुकडा सुटून पाण्यात गेला. दोरी त्याच्या कड्यांतून ओवलेली होती आणि तिच्या टोकाला आमिष बांधलेले होते, म्हणूनच तो घसरत जाऊन आमिषापाशी थांबला आणि हळूहळू ओढल्यावर हाती लागला. त्यानंतर तुम्ही दिलेल्या मेणबत्तीचा तुकडा मी सांध्यांवर घासला आणि पुढचे तीन दिवस एकही सांधा ढिला झाला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी खाडीत दोनेक किलोची तांबोशी लागली. ती खडकाकडे वळली तेव्हा रॉड मुठीपर्यंत वाकला, पण चारही तुकडे एकसंध असल्यासारखे वाकले. जोड कुठे आहेत ते कळतही नव्हते. रोज रात्री रॉड गोड्या पाण्याने धुऊन, सुटा करून, पुसून ठेवत होतो. एकदा एक सांधा घट्ट बसला, तेव्हा पिळण्याच्या मोहात न पडता तुम्ही दाखवल्याप्रमाणे रॉड गुडघ्यांच्या मागे धरला आणि गुडघे बाहेर दाबत सरळ रेषेत ओढून तो सोडवला. बघणाऱ्यांची मात्र चांगलीच करमणूक झाली.

आणखी एका गोष्टीसाठी तुमचे आभार वेगळे मानायला हवेत. परतताना कुडाळच्या फलाटावर सोबतच्या मित्राने रॉड जोडून दाखवण्याचा आग्रह धरला होता. रॉडच्या कार्बनमधून वीज वाहते आणि रेल्वेच्या वरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात, हे रेल्वेत जन्म काढलेल्या तुम्ही मला दोनदा सांगितले नसते, तर मी कदाचित तो जोडलाही असता.

तांबोशी तिथेच शिजली, ती आणता आली नाही. सुका बांगडा आणला आहे. काकूंना त्याचा वास चालत असेल तर रविवारी घेऊन येतो. मेणबत्तीचा उरलेला तुकडाही परत करायचा आहे.

आपला नम्र,
तुमचा धरमपेठेतला विद्यार्थी