आधी फसू दे, नाव मागून सांग

प्रिय मंदार,

दर महिन्याला गच्चीवर मंडळी जमवून बायसवर, म्हणजे मनाच्या ठरलेल्या घसरणींवर, गप्पा ठेवायचा तुझा बेत झकास आहे. फक्त प्रोजेक्टर लावू नकोस. व्याख्या ऐकताना सगळे माना डोलावतात आणि प्रत्येकाला त्यात आपला मेहुणा दिसतो. आधी फसू दे, नाव मागून सांग.

सहा ते आठ माणसं, दीड तास, एका बैठकीला एकच बायस. दहाच्या वर गेली की दोघं बोलतात, बाकीचे मोबाइल बघतात.

पहिल्यांदा मानसशास्त्रज्ञ पीटर वेसनचा 1960 चा खेळ घे. ‘चढत्या क्रमाचे कोणतेही तीन आकडे’ हा नियम चिठ्ठीवर लिहून कपाखाली ठेव. सांग, 2-4-6 नियमात बसतं. तुम्ही असेच तीन आकडे लिहून आणा, शेजारी ते का सुचवले तेही लिहा, मी फक्त हो-नाहीची खूण करीन, खात्री पटली की नियम सांगा. 8-10-12 येईल: हो. 20-22-24: हो. मग कोणीतरी छाती ठोकून लिहील, ‘दोन-दोनने वाढतात’. तिथे फुली मार आणि गप्प राहा. वेसनकडच्या 29 जणांपैकी पहिल्याच दमात 6 जणांनाच जमलं होतं. 1-2-3 किंवा 6-4-2 टाकून आपलाच अंदाज पाडून बघावा, हे सुचतच नाही. आपलंच खरं ठरवणारे दाखले शोधत राहायचं, हाच कन्फर्मेशन बायस. खेळ कागदावरच हवा. मोठ्याने खेळलात तर एक हुशार माणूस सगळ्यांची मजा घालवतो.

पुढच्या खेपेला अँकरिंग, म्हणजे आधी कानावर पडलेल्या आकड्याकडे अंदाज ओढला जाणं. ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांच्या 1974 च्या लेखातला प्रयोग आहे: आकड्यांचं एक चक्र फिरवायचं, ते 10 किंवा 65 वरच थांबायचं. संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, याचे अंदाज 10 वाल्यांचे 25 च्या, तर 65 वाल्यांचे 45 च्या आसपास आले. तुला चिठ्ठ्या पुरतील. निम्म्यांना ‘गोदावरीची लांबी 400 किलोमीटरपेक्षा जास्त की कमी?’, निम्म्यांना ‘4000 पेक्षा?’, आणि खाली सगळ्यांना ‘मग अंदाजे किती?’. खरी 1465. भूगोलाच्या मास्तरांना आकडा पाठ असणार, त्यांना चिठ्ठ्या गोळा करायला बसव. चहा इथेच फिरव, तेवढ्यात चिठ्ठ्या चढत्या क्रमाने लावून होतात. सरासरी काढू नकोस. कोणी 20000 लिहिलं की ती कोलमडते. मधला आकडा घे. आठ जणांत कधी फरक दिसणारही नाही. तसं झालं तर लपवू नकोस. एवढ्याशा नमुन्यावर काय बोलता येतं, यावरच अर्धा तास निघतो.

खरी डोकेदुखी तिसऱ्या बैठकीपासून. नावं तोंडात बसली की ‘हा तुझा कन्फर्मेशन बायस!’ म्हणून एकमेकांना हाणायला लागतात. पहिल्याच दिवशी नियम घाल: बायसचं नाव घ्यायचं ते स्वतःच्याच बाबतीत. दुसऱ्याचं कुसळ कोणालाही दिसतं. राजकारण तर तीन-चार महिने बाहेरच ठेव.

निघताना प्रत्येकाकडून एक भाकीत टक्क्यांसकट लिहून घे, मॅचचं, पावसाचं, कशाचंही, आणि पाकीट चिकटवून टाक. पुढच्या वेळी उघडण्याआधी ‘तेव्हा किती टक्के लिहिले होतेत?’ ते आठवून लिहायला लाव. निकाल कळल्यावर ‘मला आधीच ठाऊक होतं’ वाटतं ना, ते असं पकडता येतं. पाकिटं मात्र तुझ्याच कपाटात ठेव, लोक घरी नेऊन हरवतात.

तुझा,
श्रीधर