माझी अकरा मुखपृष्ठं काढून टाकलीत, त्याबद्दल आभार

नमस्कार,

तुम्ही दादा आहात की ताई, मला आजही माहीत नाही. विकिपीडियावरच्या तुमच्या सदस्यनावावरून काही कळत नाही, आणि विचारायचं धाडस झालं नाही. मराठीतलं ‘तुम्ही’ दोघांनाही चालतं, त्यामुळे भागतंय.

बाबांच्या लोखंडी पेटीत इंद्रजाल कॉमिक्सचे जुने अंक सापडले. स्टेपल गंजलेल्या, कोपऱ्यांना कसर लागलेली. त्या भरात मी इंग्रजी विकिपीडियावरच्या इंद्रजालच्या लेखात भर घालायला बसलो. उत्साह दांडगा, अक्कल बेताची.

पहिल्याच दिवशी माहितीचौकटीचा, म्हणजे लेखाच्या कडेला थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीचा, साचा चुकीचा उचलला. कॉमिक्समालिकेचा साचा वेगळा आणि कॉमिक्समधल्या पात्राचा वेगळा, हे कुणाला ठाऊक! मी पात्राचा लावला. तो बिचारा साचा इंद्रजालला ‘खरं नाव काय’ आणि ‘अंगात शक्ती कोणत्या’ असं विचारत बसला. त्यात शेवटचा महिरपी कंस राहिला, आणि सगळी चौकट उभ्या रेघांसकट पानभर सांडली. तुम्ही ती आवरलीत, साचा बदललात आणि माझ्या चर्चापानावर चक्क मराठीत लिहिलंत, ‘एक कंस पळाला होता, धरून आणलाय.’ त्या एका ओळीने माझी निम्मी भीती गेली.

उरलेली निम्मी मुखपृष्ठांच्या वेळी परत आली. अंकांच्या यादीत मी हौसेने बारा मुखपृष्ठं लावली होती आणि प्रत्येकापुढे हक्कधारक म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं. अंक बाबांचे, स्कॅनर माझा, मेहनत माझी, मग चित्रं कुणाची? तुम्ही एवढंच विचारलंत, ‘वेताळ तुम्ही काढलात का?’

नाही काढला. वेताळ, म्हणजे मूळचा ‘फँटम’, 1936 साली अमेरिकेत ली फॉक यांनी आणला, आणि इंद्रजाल 1964च्या मार्चपासून टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी काढलं. मी फक्त काचेवर अंक पालथा ठेवून बटण दाबलं होतं.

तुम्ही अकरा चित्रं काढून टाकलीत. दोन दिवस तुमच्यावर चिडून होतो, कबूल करतो. पण चिडक्या माणसालाही तुम्ही नीट समजावलंत. मुक्त नसलेलं, म्हणजे हक्क राखीव असलेलं, चित्र ठेवायचं तर कारण लेखी द्यावं लागतं: हक्क कुणाचा, चित्र कशासाठी हवं, नुसत्या शब्दांनी भागणार नाही का. मालिका ओळखू यावी म्हणून चौकटीत एक मुखपृष्ठ चालतं, यादी सजवायला बारा नाही. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, तर एकही नाही. कुठल्याच लेखात न वापरलेलं असं चित्र सात दिवसांनी काढून टाकतात. आकारही लहान हवा, साधारण 1 लाख पिक्सेल. माझं स्कॅन 2,400 बाय 3,300 होतं, म्हणजे जवळजवळ ऐंशी पट! त्यात गंजाचे ठिपकेसुद्धा मोजता आले असते.

खरे आभार मात्र याच्या पुढचे आहेत. ‘चित्र गेलं त्या जागी काय दिसत होतं ते लिहा,’ असं तुम्ही सुचवलंत. मग सुरुवातीचे 32 अंक निव्वळ वेताळाचे आणि त्यानंतर मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन असे दुसरे नायक येऊ लागले, हे नीट मांडता आलं. इकडच्या अंकांत वेताळाच्या देशाचं नाव बदलून डेंकाली केलं होतं, तेही आलं. आणि इंद्रजालमधलाच नायक बहादूर! लहानपणी तो वाचताना त्याला कुणी घडवलं हे मनातही आलं नव्हतं. साच्यात निर्माता आणि चित्रकार असे रकाने रिकामे दिसले म्हणून शोधलं: 1976 साली आबिद सुरतींनी तो आणला, चित्रं गोविंद ब्रह्मानियांची. मुखपृष्ठाखालच्या ओळीतही अंक, साल आणि चित्रकार द्यायचा असतो, हे तुमच्यामुळेच कळलं. आता हातात कुठलंही कॉमिक आलं की आधी कोपऱ्यातली सही शोधतो.

परवा लेख बाबांना दाखवला. चष्मा कपाळावर चढवून ते पडद्याच्या अगदी जवळ गेले. चौकट वरपासून खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, ‘पेटीभर अंक दिले तुला, आणि चित्र एवढंसंच लावलंस?’

मी त्यांना विचारलं, ‘वेताळ तुम्ही काढलात का?’

तुमचा,
कंस विसरणारा