छोटूच्या आकड्यांबद्दल आणि इतर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर निम्मा वेळ 'आवाज येतोय का' यातच जातो, म्हणून सविस्तर लिहिते आहे. तब्येत उत्तम. लॅब, थंडी, माझा स्वयंपाक, सगळं तसंच.

बाबा, क्रेडिट कार्डाबद्दल तुम्ही ज्या आवाजात विचारलंत, त्यावरून कळलं की रात्री झोप लागली नसेल. मी उधारीवर जगत नाही. इथे अमेरिकेत रीतच उफराटी आहे. ज्याने कधी कर्ज काढलं नाही तो इथे सज्जन ठरत नाही, अनोळखी ठरतो. माणसाला ३०० ते ८५० मधले गुण देतात. ते बँकेत किती पैसे आहेत यावर मिळत नाहीत, घेतलेली उधारी वेळेवर फेडतो की नाही यावर मिळतात. गुण नसले तर घरमालक जास्त अनामत मागतो. मग नवखा माणूस काय करतो? बँकेत स्वतःचे पैसे ठेवतो, बँक तेवढ्याच मर्यादेचं कार्ड देते, आणि तो दर महिन्याला उधारी करून ती फेडून दाखवतो. पैसे त्याचेच, उधारीही त्याचीच! मीही तेच करते. किराणा कार्डावर, महिन्याच्या महिन्याला पूर्ण रक्कम, व्याज शून्य. मर्यादेच्या ३० टक्क्यांवर खर्च जाऊ देऊ नये म्हणतात, तेही पाळते. गंमत अशी की, आपलं घर तारण ठेवून काढलेलं खरं कर्ज इथे कुणाला दिसतच नाही. या देशात तुमची मुलगी अगदी कर्जमुक्त आहे.

आता छोटूचं. त्याला फिजिक्सच्या पदवीसाठीच इकडे यायचंय, म्हणून त्याने मला अमेरिकी शिक्षण खात्याच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या वेबसाइटवरचे आकडे पाठवले. फिजिक्सच्या पदवीनंतर पगार इतका, कर्ज इतकं, म्हणजे फेड सहज होते, आणि खाली 'ताई, बघ!' आकडे खोटे नाहीत, पण ते त्याच्यासारख्यांचे नाहीत. त्यात फक्त सरकारी मदत घेतलेले विद्यार्थी मोजतात, आणि विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला ती मदत मिळत नाही. कर्ज लहान दिसतं त्यालाही कारण आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला पदवीसाठी सरकारी कर्ज साधारणपणे एकूण ३१,००० डॉलरपर्यंतच मिळतं. खासगी कर्ज त्या आकड्यात धरत नाहीत, आईवडिलांनी काढलेलं वेगळं दाखवतात. छोटूचं सगळंच कर्ज या न धरलेल्या खात्यात जाणार.

पगाराचंही तसंच. पुढे शिकत असलेले त्यात येत नाहीत, आणि फिजिक्सवाले पुढे शिकायला खूप जातात. नोकरी धरणाऱ्यांतले कितीतरी सॉफ्टवेअर नाहीतर इंजिनिअरिंगकडे वळतात. संरक्षणाशी संबंधित बऱ्याच नोकऱ्यांना इथलं नागरिकत्व लागतं. आपल्या वाट्याला ओपीटीचं, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायच्या परवानगीचं, एक वर्ष, विज्ञान शाखा म्हणून वाढीव दोन, आणि पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत. घराचे हप्ते सोडतीच्या भरवशावर ठेवू नयेत.

'स्वतः गेली आणि भावाला अडवते' असं म्हणाल, म्हणून सांगते. फिजिक्स कर असं मीच त्याला म्हणेन. फक्त पदवीसाठी इकडे येऊ नकोस. पीएचडीला इथे बहुतेक ठिकाणी फी माफ असते, आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचा स्टायपेंड मिळतो. माझंही कर्ज एमएसचं आहे, पीएचडीचं नाही. त्याने पुण्याच्या आयसरसाठी, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेसाठी, जोर लावावा. तिथे केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला ८०,००० रुपये आहेत. मग स्टायपेंड घेऊन यावं की इकडे, मी विमानतळावर घ्यायला जाईन. पण घरावर आणखी बोजा चढवू नका.

हप्त्याचं म्हणाल तर तो मी पाठवतेच आहे. मागचा तुम्ही परस्पर भरलात हे बँकेच्या मेसेजवरून कळलं मला. पुन्हा असं करायचं नाही. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आधी पावसाळ्यानंतर होतं, मग दिवाळीनंतर झालं. त्याचा आणि हप्त्याचा काही संबंध नाही असं तुम्ही दोघंही म्हणता. बरं, नसेल. तरी डॉक्टरांकडून तारीख घ्या आणि मला कळवा.

आत्याने सुचवलेल्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, हे तिला सांग आई. मुलगा बोलायला मोकळा वाटला. पण त्यांना नुसतं 'अमेरिकेत असते' एवढंच सांगू नका. मला स्टायपेंड आहे, पगार नाही. फिजिक्सच्या पीएचडीला इथे सहा वर्षं लागणं नेहमीचं आहे. आणि कर्ज माझ्या नावावर आहे, हे पत्रिका बघायच्या आधी सांगा. ऐकून ते गप्प झाले तर आत्याला वाईट वाटू देऊ नका.

यंदा दिवाळीला येत नाही. काम आहे, आणि तिकिटंही फार महाग झालीत. इथे आम्ही सगळ्याजणी मिळून मस्त करणार आहोत, काळजी नको.

तुमची,
मोठी

ता. क. बाबा, छोटूला हे पत्र देऊ नका, त्याला मी वेगळं लिहिते. आयसरच्या आयएटी या प्रवेशपरीक्षेचा अर्ज कधी सुटतो ते त्याने पाहिलंय का, तेवढं विचारा.